‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणजे नेमकं करायचं काय? (माझं सातव्या महिन्यातलं बीपी)

परवा रात्री साडेदहाला नणंदेचा फोन आला, चिपळूणहून. तिला २४वा आठवडा चालू आहे. "वहिनी, आज बीपी १४४/९४ आलं. गोळी चालू केलीय. आणि जो तो म्हणतोय टेन्शन घेऊ नकोस, टेन्शन घेऊ नकोस. पण वहिनी, टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे नेमकं करायचं काय गं?" एवढं बोलली आणि रडायलाच लागली.

तासभर बोललो आम्ही. फोन ठेवल्यावर मला झोपच लागेना कारण सव्वा वर्षापूर्वी अगदी हाच प्रश्न मला पडला होता आणि सरळ उत्तर कुणी दिलं नव्हतं, जे शिकले ते तुकड्यातुकड्यानं, थोडं माझ्या डॉक्टर मॅडमकडून, थोडं सासूबाईंकडून, थोडं वॉर्डातल्या सिस्टरकडून. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय, तिच्यासाठी आणि जिला लागेल तिच्यासाठी. मी डॉक्टर नाही, कराडला एका पतसंस्थेत हिशेब बघते. त्यामुळे गोळ्या, डोस वगैरे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, प्लीज.

माझं झालं असं, की मार्च एंड होता. पतसंस्थेत काम करणाऱ्या कुणालाही मार्च एंड काय असतो ते सांगायला नको. मला २८वा आठवडा लागलेला, पायावर सूज होती पण उन्हाळ्यात येते म्हणाले सगळे. नेहमीच्या तपासणीला गेले, तिथली लिफ्ट बंद, दोन मजले चढून गेले, धापा टाकतेय तोवर खुर्चीत बसवलं आणि कुर्त्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून बीपी घेतलं. १५०/९८. सिस्टरचा चेहरा बघूनच माझ्या पोटात गोळा आला. नशिबानं मॅडमनी तिथल्या तिथे निकाल नाही लावला. अर्धा तास बसवलं, लघवीला जाऊन ये म्हणाल्या, बाही वर करून स्वतः घेतलं, १४४/९२. संध्याकाळी परत बोलावलं, १४२/९२. म्हणजे चुकीच्या पद्धतीनं घेतल्यामुळे आकडा फुगला होता खरा, पण नीट घेतलं तरी वाढलेलंच होतं. २० आठवड्यांनंतर निदान चार तासांच्या अंतरानं दोनदा १४०/९० किंवा त्याच्या वर आलं की ते बीपी धरतात. लघवीतून प्रोटीन जात नव्हतं तेव्हा. लॅबेटालॉलची गोळी चालू झाली, घरी दोन वेळा बीपी लिहायचं, दर आठवड्याला दाखवायचं. आणि जाता जाता, "रिलॅक्स राहायचं बरं का."

घरी आल्यावर फोन सुरू झाले. आत्या म्हणाली, "फार टेन्शन घेतेस तू, पहिल्यापासून तसलीच आहेस, बाळाचा विचार कर जरा." तिनं काळजीपोटीच म्हटलं, मला माहितीये. पण त्या रात्री मी मोरीत नळ सोडून रडले. माझ्या स्वभावामुळे, माझ्या हट्टानं चाललेल्या नोकरीमुळे बाळाला त्रास होतोय हे डोक्यात इतकं घट्ट बसलं की श्वास घेतानासुद्धा वाटायचं मी चुकीचा घेतेय का.

पुढच्या आठवड्यात मॅडमना विचारलंच, की मॅडम हे माझ्यामुळे झालं का. त्यांनी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि पेनानं वार, म्हणजे प्लासेंटा, काढून दाखवली. गर्भपिशवीच्या भिंतीत नागमोडी रक्तवाहिन्या असतात, त्या सुरुवातीच्या महिन्यांत सैल आणि रुंद व्हायला पाहिजेत म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळतं. काही जणींच्या त्या नीट रुंद होत नाहीत. मग वारेला रक्त कमी पडतं आणि ती आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडते की अंगभरच्या रक्तवाहिन्यांना आतून इजा होते, त्या आवळतात, बीपी चढतं, किडनीवर ताण येतो. पहिलं बाळंतपण असेल, जुळं असेल, आधीपासून बीपी-शुगर असेल, आईला किंवा बहिणीला झालेलं असेल तर शक्यता जास्त. "यात तू रागावलीस किंवा मार्च एंड केलास म्हणून वार बिघडली असं कुठे आलं का?" असं विचारलं त्यांनी मला. तो कागद अजून माझ्या फाइलमध्ये आहे. नणंदेलाही मी पहिली गोष्ट हीच सांगितली, की अगं हे तुझ्यामुळे नाही झालेलं.

मग रिलॅक्स तरी कशाला व्हायचं? तर त्या आजारावर भीतीचा एक थर वरून चढतो. मशीन फुगायला लागलं की छातीत धडधड, धडधडीनं आकडा अजून वर, तो बघून रात्रभर झोप नाही, सकाळी परत वर. हा वरचा थर आपल्याला काढता येतो. १९८४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला होता, बीपी असलेल्या गरोदर बायकांना रिलॅक्सेशन शिकवलं तर त्यांचं बीपी थोडं कमी राहिलं आणि भरती व्हायची वेळही कमी जणींवर आली. पण खालचा थर, तो वारेचा, श्वासानं जात नाही. गोळी चुकवून प्राणायाम करत बसायचं नाही. हे मी का एवढं ठासून सांगतेय ते पुढे येईलच.

आता मी काय करायचे ते.

सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर सावकाश श्वासाचा. आपण एरवी मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, तो सहाच्या आसपास आणायचा. म्हणजे चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, दहा सेकंदांचा एक श्वास. बाहेर सोडणं लांब पाहिजे, गंमत सगळी तिथेच आहे, श्वास सोडताना हृदयाचा ठोका मंद होतो. पण सातव्या-आठव्या महिन्यात बाळ वर आलेलं असतं, फुप्फुसाला जागा नसते, मला पहिल्या दिवशी सहा काही जमेना आणि त्याचंच टेन्शन आलं. मग तीन आत, चार बाहेर असं सुरू केलं. आठवड्यानं चार-सहा आपोआप जमायला लागलं. बेडरूममधल्या भिंतीवरच्या घड्याळाचा टिकटिक आवाज मोठा आहे, लग्नापासून मी त्याला नावं ठेवत आलेय, त्याच्यावरच मोजायचे. एक हात पोटावर, एक मांडीवर. चवथ्या टिकेला पोट हाताला लागायचं आणि सोडताना पाचव्या-सहाव्याला कधीकधी आतून लाथ यायची. ती लाथ आली की माझे खांदे आपोआप खाली यायचे, ते कधी वर गेलेले असायचे तेसुद्धा मला कळलेलं नसायचं.

दहा मिनिटं सकाळी, दहा मिनिटं रात्री, आणि दवाखान्यात नंबर येईपर्यंत जेवढं होईल तेवढं. श्वास रोखून धरायचा नाही, कुंभक नाही, कपालभाती आणि भस्त्रिका तर अजिबात नाही. पोटाला हिसके बसतात, बीपीलाही चांगलं नाही. चक्कर आल्यासारखं झालं तर सोडून द्यायचं, नेहमीसारखा श्वास घ्यायचा.

सासूबाईंना हे मोजणं वगैरे पटेना. त्या म्हणाल्या, "अगं मोजतेस काय, नाव घे की." त्या रोज तिन्हीसांजेला जप करतात, एका श्वासात एकदा, सावकाश. मी त्यांच्याशेजारी बसायला लागले आणि खरंच, न मोजता श्वास तेवढाच लांब होत होता. नंतर वाचलं तर इटलीतल्या डॉक्टरांनी हेच तपासून २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलंय, रोझरीची प्रार्थना म्हणा नाहीतर ‘ओम मणि पद्मे हुम’ म्हणा, म्हणणाऱ्याचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ येतो. सासूबाईंना सांगितलं तर त्या नुसत्या "हं" म्हणाल्या आणि माळ पुढे ओढली. ज्यांना जप नको त्यांनी भ्रामरी करा, तोंड मिटून म्‌म्‌म् असा गुंजारव, सोडलेला श्वास आपोआप लांबतो. कान दाबून वगैरे धरायचीही गरज नाही.

दुसरं शवासन. आपल्या मुंबईच्या केईएममध्ये डॉ. के. के. दाते यांनी बीपीच्या पेशंटना शवासन शिकवून बघितलं होतं आणि १९६९ साली ते छापलं, बऱ्याच जणांचं बीपी उतरलं आणि काहींच्या गोळ्याही कमी करता आल्या. पण तो अभ्यास गरोदर बायकांचा नव्हता, आणि आपल्याला उताणं झोपायचं नाहीये. पोट मोठं झालं की उताणं झोपल्यावर गर्भपिशवीचं वजन पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या शिरेवर येतं आणि हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं. म्हणून डाव्या कुशीवर. एक उशी डोक्याखाली, एक दोन गुडघ्यांच्या मध्ये, एक पोटाखाली सरकवायची म्हणजे पोट लटकत नाही, आणि एक पाठीशी. चार उशा झाल्या, नवरा सोफ्यावरच्या उचलून आणायचा. मग पायाच्या बोटांपासून वर एकेक भाग मनानं सैल सोडत यायचं. जबडा विसरू नका. माझे दात कायम आवळलेले असायचे.

आणि इथे मी केलेली चूक सांगते. तशी कुशीवर पडल्या पडल्याच वरच्या हातावर बीपी घेतलं, ११८/७६ आलं. केवढा आनंद झाला मला, मॅडमना मेसेज टाकला. त्यांचा लगेच फोन, "उठून बस आणि परत घे." हात हृदयाच्या वर असला की आकडा खोटा कमी येतो. बसून घेतलं तर १३६/८८. तेव्हापासून नियम एकच, आधी लघवीला जाऊन यायचं, खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, पाच मिनिटं गप्प बसायचं, दंड उघडा, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, मशीन चालू असताना बोलायचं नाही. चहा घेतला असेल तर अर्धा तास थांबायचं. पट्टा दंडाला लहान पडत असेल तर आकडा जास्त येतो, तेही बघून घ्या. आणि दिवसातून दोनदाच. मी सुरुवातीला नऊ-नऊ, दहा-दहा वेळा घ्यायचे, त्यानं फक्त घाबरायला होतं.

तिसरं म्हणजे अंग आवळून सोडणं. अमेरिकेतल्या एडमंड जेकबसन नावाच्या डॉक्टरांनी शंभरेक वर्षांपूर्वी बसवलेली पद्धत आहे, एकेक स्नायू पाच सेकंद आवळायचा आणि सोडून द्यायचा, सोडल्यावर जे ऊन ऊन सैल वाटतं तिकडे लक्ष द्यायचं. मुठी, दंड, खांदे कानापर्यंत, कपाळ. पण जोर लावून आवळायचं नाही, घट्ट मूठ धरून ठेवली की तेवढ्यापुरतं बीपी वाढतंच. अर्ध्या ताकदीनं. पोट आवळायचं नाही, पोटऱ्या तर नकोच, एकदा पाय ताणला आणि असा गोळा आला की नवऱ्याला रात्री दीड वाजता उठवावं लागलं.

चौथी गोष्ट कुठल्या पुस्तकातली नाही. सासूबाई रात्री काशाच्या वाटीनं माझे तळपाय घासायच्या, खोबरेल तेल लावून, अगदी हलक्या हातानं. पंधरा मिनिटं त्या काही बोलायच्या नाहीत, मीही नाही. वाटीचा तो घस्स घस्स आवाज आणि तळपायाला लागलेला गार धातू. बीपीवर त्याचा परिणाम होतो का मला माहिती नाही, पण मला झोप लागायची, आणि तेव्हा झोप लागणं म्हणजे फार मोठी गोष्ट होती. फक्त एकाच पोटरीला सूज आली, लाल झाली, दुखायला लागली तर चोळायचं नाही, दाखवायचं. रक्ताची गुठळी असू शकते.

संध्याकाळी नवरा गाडीवरून प्रीतिसंगमावर न्यायचा, मॅडमनी सावकाश चालायची परवानगी दिली होती. अंथरुणातून उठायचंच नाही असं हल्ली सांगत नाहीत, नुसतं पडून राहिल्यानं फायदा होत नाही उलट गुठळीचा धोका वाढतो. मीठ एकदम बंद करायचीही गरज नाही म्हणाल्या, लोणचं-पापड आवरा, बास. नेमके त्याच दिवसांत शेजारी गच्चीवर पापड वाळत होते.

पाच आठवडे असे गेले. रजिस्टरमध्ये डाव्या बाजूला श्वासाआधीचा आकडा, उजव्या बाजूला नंतरचा. साधारण सहा ते दहानं उतरायचा वरचा आकडा. मला वाटायला लागलं की जमलं आपल्याला.

आणि मग ३४व्या आठवड्यातली ती रात्र. संध्याकाळपासून डोकं दुखत होतं, कपाळात ठणका. साडेनऊला बीपी १५८/१०२. मी काय केलं असेल तर दिवा मालवला, कुशीवर झाले आणि श्वास सुरू केला. उतरेल, नेहमी उतरतं. वीस मिनिटं, तीस मिनिटं. डोळे मिटले तरी काजवे चमकत होते आणि मी त्याच्याकडे दुर्लक्ष करून टिकटिक मोजत होते. बरगडीखाली उजवीकडे दुखायला लागलं, ॲसिडिटी असेल म्हटलं. पावणेअकराला सासूबाई वाटी घेऊन आल्या, दिवा लावला आणि म्हणाल्या, "तोंड का सुजलंय तुझं?" परत मशीन लावलं, १६४/११०. तशाच निघालो.

तो सव्वा तास मी घालवला. याच्याबद्दल मला अजून वाईट वाटतं आणि म्हणूनच हे लिहायचं होतं. १६०/११० हा आकडा दिसला, किंवा जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधुक दिसणं, बरगडीखाली दुखणं, चेहऱ्या-हातांवर अचानक सूज, धाप, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं एक जरी झालं तरी श्वास-बिस काही नाही, चप्पल घालायची आणि निघायचं. आकडा १६०च्या खाली असला तरी निघायचं. गाडी नसेल तर १०८ला फोन.

लघवीत प्रोटीन ++ आलं, म्हणजे आता तेही जायला लागलं होतं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट चालू केलं. कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगते, ते शिरेतून जातं तेव्हा आतून आग लागल्यासारखं ऊन ऊन वाटतं, मला वाटलं मी चालले. सिस्टर म्हणाल्या, "औषधाचं आहे ते, होतंच, जाईल दोन मिनिटांत. माझ्याकडे बघ आणि फुंकर घाल." लांब फुंकर. तीच माझी सहा मोजायची फुंकर. खोलीत अंधार केलेला, दर थोड्या वेळानं येऊन गुडघ्यावर हातोडी मारून बघायचे, लघवीच्या पिशवीतलं माप लिहायचे, आणि मधल्या वेळात मी फुंकर घालत पडलेले. तिथे मला कळलं की हे सगळं मी बीपी उतरवायला शिकले असं समजत होते, पण उतरवायचं काम औषधानं केलं. मला श्वासाचा उपयोग झाला तो त्या खोलीत न घाबरता पडून राहायला, डॉक्टर काय विचारतात ते ऐकून नीट उत्तर द्यायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिझर झालं. लेक, १ किलो ९५० ग्रॅम. अकरा दिवस काचेच्या पेटीत. चौथ्या दिवसापासून तिला माझ्या छातीवर, उघड्या अंगाला लावून ठेवायला द्यायला लागले, कांगारू केअर म्हणतात. माझ्या हाताच्या पंज्याएवढी पाठ. तिचा श्वास भराभर चालायचा, मी माझा चार-सहा धरून बसायचे.

बाळंतपण झालं की बीपी संपलं असं नसतं, हेही ऐकून ठेवा. पहिल्या आठवड्यात, तिसऱ्या दिवसापासून पुढे ते परत चढू शकतं, आणि सहा आठवड्यांपर्यंत डोकेदुखी-काजवे याकडे लक्ष ठेवायचं. माझ्या गोळ्या पाच आठवडे चालल्या. ज्यांना हे झालं त्यांना पुढे आयुष्यात बीपी आणि हृदयाचा त्रास व्हायची शक्यता जास्त असते म्हणून वर्षातून एकदा तपासायचं. आणि पुढच्या वेळी दिवस गेले की लगेच सांगायचं, १२ आठवड्यांनंतर कमी डोसची ॲस्पिरिन देतात, ती डॉक्टर ठरवतील. खाजगी डॉक्टर परवडत नसतील तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, बीपी आणि लघवी दोन्ही बघतात, आशाताईंना विचारा.

नणंदेची तपासणी गुरुवारी आहे. माझं मशीन आणि ते रजिस्टर उद्या सकाळच्या चिपळूण गाडीनं पाठवतेय, घाटात पाऊस फार नसला तर दुपारपर्यंत पोचेल. पट्टा मात्र तिला तिथे दुसरा घ्यावा लागेल, तिचा दंड माझ्यापेक्षा भरलेला आहे. आणि मशीन आधी दवाखान्यातल्या मशीनशी ताडून बघ म्हणून सांगितलंय. रजिस्टरच्या पहिल्या पानावर धोक्याच्या खुणा लाल पेनानं लिहिल्यात, श्वासाचं त्याच्या मागच्या पानावर.